तीन अर्ज, एकच डोंगर: पर्यावरण मंजुरीला 'नाही' म्हणायचं कुणी?

वरचीवाडी

नमस्कार मंडळी. इथे बरेच दिवस नुसता वाचतोय, लिहायची वेळ आज आली.

गाव कोकणातलं, सह्याद्रीच्या पायथ्याचं. जिल्हा-तालुका मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढची माणसं रोज एसटी स्टँडवर भेटतात. आमच्या वाडीच्या वर डोंगराची एक कड आहे, आत सगळा काळवत्री दगड. गेल्या पावसाळ्यानंतर तिथे लाल-पांढरे खांब रोवलेले दिसले. मोजणी झाली म्हणे. मग कळलं की काळ्या दगडाच्या खाणीसाठी अर्ज झालाय, सोबत क्रशरही येणार. केंद्राच्या पर्यावरण मंजुऱ्यांच्या 'परिवेश' पोर्टलवर शोधत बसलो तर एक नव्हे, तीन अर्ज सापडले. 4.60 हेक्टर, 4.85 हेक्टर आणि 4.40 हेक्टर. आडनाव तिन्हींना एकच, गट नंबर एकमेकांना लागून. बांधाला बांध.

अर्जासोबतची कागदपत्रं उतरवून घेतली. त्यात आमच्याकडचा सरासरी वार्षिक पाऊस 740 मिलिमीटर लिहिलाय. अहो, आमच्याकडे एवढा पाऊस जून संपायच्या आत पडतो! आसपास कुठे बारमाही पाणी नाही असंही लिहिलंय. खांबांपासून खाली दोनेकशे मीटरवर आमचा झरा आहे. वाडीतली 22 घरं मार्चनंतर त्याच पाण्यावर जगतात. नळयोजनेची टाकी आहे, तिच्यात पालापाचोळा असतो.

ग्रामपंचायतीने ना हरकत दाखला आधीच देऊन टाकलाय. मी कलेक्टर कचेरीत गेलो, ते म्हणाले पर्यावरण मंजुरी आमच्याकडे नाही, मुंबईला. प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात गेलो, ते म्हणाले आम्ही फक्त जनसुनावणी भरवतो, आणि तुमच्या प्रकरणात ती लागतच नाही. तहसीलदार म्हणाले वरून आलं की बघू.

प्रश्न सरळ आहे. हो किंवा नाही म्हणायचा अधिकार नेमक्या कुणाच्या हातात आहे? मी लिहायचं कुणाला? आणि सुनावणी का लागत नाही?

उगाचच_एक

खरं सांगू का, अधिकार कुणाचाही असो, मंजुरी मिळतेच. आणि नाही मिळाली तरी खाण चालू होते. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की आधी खणा आणि मागाहून मंजुरी घ्या हा प्रकार चालणार नाही. आम्ही पेढे वाटणार होतो. नोव्हेंबरमध्ये तोच निकाल 2 विरुद्ध 1 मतांनी परत घेतला. तेव्हा फार धावपळ करू नका, ब्लड प्रेशर वाढेल.

साळगावकर_नव्हे

ग्रामसभेचा ठराव घ्या ना! ओडिशात नियमगिरीला 12 ग्रामसभांनी नाही म्हटलं आणि एवढी मोठी बॉक्साइटची खाण अडली. पंचायत बॉडीचा दाखला म्हणजे काही गाव नव्हे.

माजी_अव्वल_कारकून

वरचा 'उगाचच' यांचा सल्ला ब्लड प्रेशरपुरता बरोबर आहे, बाकी नाही.

माझी ओळख एवढीच की कलेक्टर कचेरीच्या गौण खनिज (दगड, वाळू, मुरूम) शाखेत आणि इतर टेबलांवर मिळून नोकरी झाली, आता निवृत्त आहे. जनसुनावण्यांचे मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर, बिसलेरीच्या बाटल्या आणि इतिवृत्त, हे सगळं मी केलंय. त्यामुळे कुणाचा हात कुठे पोचतो ते सांगतो.

वरचीवाडी, तुम्हाला तिन्ही कचेऱ्यांत जे सांगितलं ते खोटं नाही. प्रत्येकाने आपल्या टेबलापुरतं खरं सांगितलं, एवढंच. कलेक्टरांचा अधिकार खाणपट्ट्याचा. जमीन, हद्द, स्वामित्वधन (रॉयल्टी), करारनामा, हे त्यांचं. पट्टा तत्त्वतः मंजूर झाल्याचं पत्र निघतं, खाणकाम आराखडा मंजूर होतो, मग पर्यावरण मंजुरी, मग प्रदूषण मंडळाची संमती, आणि शेवटी पट्ट्याचा करार. म्हणजे साखळी लांब आहे आणि मधली एक कडी नसली तरी सुरुंग लावता येत नाही. निदान कागदावर तरी.

पर्यावरण मंजुरी 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्राच्या अधिसूचनेखाली येते. मोठे प्रकल्प 'अ' वर्गात, त्यांचा निर्णय दिल्लीत मंत्रालय घेतं. तुमच्यासारखे 'ब' वर्गात. त्यांचा निर्णय राज्यस्तरीय प्राधिकरण घेतं, ज्याला सगळे 'सिया' म्हणतात. तीन माणसं: अध्यक्ष, एक सदस्य, आणि सदस्य सचिव, जो राज्य सरकारचा सेवेतला अधिकारी असतो. नावं राज्य सुचवतं, नेमणूक केंद्र करतं.

आता खरी गोम. सियाच्या आधी तज्ज्ञांची एक समिती असते, 'सिअॅक'. अर्ज तपासते ती, शंका काढते ती, शिफारस करते ती. आणि अधिसूचनेतच लिहिलंय की प्राधिकरणाने समितीची शिफारस एरवी मान्य करावी. पटली नाही तर 45 दिवसांत कारणं लिहून समितीकडे फेरविचाराला पाठवायची, समितीचं मत परत आल्यावर मात्र प्राधिकरणाचा शब्द शेवटचा. त्याहून मजा म्हणजे, ठरलेल्या मुदतीत प्राधिकरणाने काहीच कळवलं नाही तर समितीची शिफारस हाच निर्णय धरून अर्जदार पुढे जाऊ शकतो. म्हणून सांगतो, सही करणारा कोण ते विसरा. फाइल समितीपुढे आहे तोवर लिहा. तिथून पुढे सरकली की तुमचं पत्र फक्त आवक नोंदवहीत राहतं.

दुसरी गोष्ट, 'नाही' कसं लिहिलं जातं. बाहेरच्या माणसाला वाटतं अधिकाऱ्याच्या मनात आलं की नाकारलं. तसं नाही हो. 'हो' म्हणायला छापील मसुदा तयार असतो, अटींसकट. 'नाही' म्हणायला कारण लागतं, आणि ते कारण फाइलमध्ये कुठल्या तरी पानावर असावं लागतं, नाहीतर अर्जदाराचा वकील पहिल्याच तारखेला ते उडवतो. चांगल्या मनाचे अधिकारी मी पाहिलेत, नाकारायला उत्सुक होते, पण फाइलमध्ये हात घालून धरावं असं एक पान नव्हतं.

एक प्रसंग सांगतो. एका सुनावणीला, गाव सांगत नाही, तीनेकशे माणसं आली होती. घोषणा, काळे झेंडे, आमदारांचा माणूस, सगळं. दोन तास चाललं. त्या दोन तासांचं इतिवृत्तात काय झालं? 'उपस्थितांनी प्रकल्पास तीव्र विरोध दर्शविला.' एक ओळ. ती मीच लिहिली. आणखी काय लिहिणार?

मग शेवटी एक पोस्टमन उठला. खाकी शर्ट, ड्यूटीवरूनच आलेला. अहवालात लिहिलं होतं, जवळची वस्ती 1.2 किलोमीटरवर. तो म्हणाला, मी रोज टपाल वाटतो, लिहून घ्या. आणि त्याने खाणीच्या हद्दीपासून घरं सांगायला सुरुवात केली. कर्त्या माणसाचं नाव, घर नंबर, हद्दीच्या खांबापासून अंदाजे किती पावलं, कुणाचं भिंतीला तडा गेलेलं जुनं मातीचं घर, कुणाकडे अंथरुणाला खिळलेली आई. 14 घरं. मला लिहायला वेळ पुरेना, दोनदा थांबवला त्याला. मांडवात पहिल्यांदा शांतता झाली. शेवटी नियमाप्रमाणे इतिवृत्त मराठीत वाचून दाखवलं तेव्हा त्याने एक घर नंबर दुरुस्त करून घेतला.

ती घोषणांची ओळ कुणी वाचली नाही. पोस्टमनचं पान मात्र समितीच्या बैठकीत निघालं आणि अर्जदाराला अहवाल नव्याने करायला सांगितला गेला. पुढचं मला ठाऊक नाही, माझी बदली झाली.

सुनावणीचं आणि तीन अर्जांचं रात्री लिहितो. बायको जेवायला हाक मारतेय.

मृण्मयी_भूशास्त्र

काकांनी सगळं सांगितलंच आहे. मी दुसऱ्या बाजूची. सल्लागार कंपन्यांसाठी असे अहवाल काही वर्षं केलेत, भूजलाचा भाग. आता तिथे नाही.

740 मिलिमीटरचं गुपित सांगू? कुठल्या तरी घाटमाथ्यापलीकडच्या तालुक्याच्या जुन्या अहवालावरून नवीन अहवाल तयार झालाय. गावाचं नाव बदललं, गट नंबर बदलले, पाऊस राहिला. झाडांची यादी तपासा, कोकणात न दिसणारं काहीतरी नक्की सापडेल. सल्लागाराला मान्यता सरकारमान्य संस्थेची लागते, पण त्याचं बिल अर्जदार भरतो. माझा पगारही त्याच बिलातून व्हायचा, तेव्हा फार साळसूदपणाचा आव आणत नाही.

पण ही चूक तुमच्यासाठी लॉटरी आहे. खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली तर अर्ज फेटाळता येतो आणि दिलेली मंजुरीही रद्द करता येते, असं अधिसूचनेच्या 8व्या परिच्छेदात आहे. रद्द करण्याआधी अर्जदाराचं म्हणणं ऐकतात, तेवढंच.

झऱ्याबद्दल: खाणींच्या अहवालांना पावसाळा सोडून एका हंगामाचे आकडे चालतात. झरा नाहीच म्हणत असतील तर तुम्ही तो एप्रिल-मेमध्ये मोजा. पावसाळ्यात वाहणाऱ्या पाण्याचा फोटो पाठवलात तर त्याला काही अर्थ नाही, तेव्हा डोंगरावर सगळीकडेच पाणी असतं.

माजी_अव्वल_कारकून

जेवण झालं. आता सुनावणी.

5 हेक्टरपर्यंतच्या एकट्या गौण खनिज पट्ट्याला 'ब-2' म्हणतात. पूर्ण परिणाम अहवाल नाही, जनसुनावणी नाही. म्हणून तुमचे तिन्ही आकडे 4 पॉइंट काहीतरी. हा योगायोग मी इतक्या फाइलींत पाहिलाय की 5.20 चा अर्ज दिसला की आम्ही टेबलावर चहा मागवायचो.

ही पळवाट फार जुनी. 2012 च्या फेब्रुवारीत दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात सुप्रीम कोर्टाने याच तुकडे पाडण्यावर बोट ठेवलं आणि 5 हेक्टरच्या आतल्या गौण खनिजालाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. 2016 च्या जानेवारीत केंद्राने यासाठी जिल्हा पातळीवर प्राधिकरण काढलं, अध्यक्ष कलेक्टरच! म्हणजे पट्टा देणारेही तेच आणि पर्यावरण बघणारेही तेच. 2018 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने त्यावर ताशेरे ओढले आणि कामं परत राज्याकडे गेली. कलेक्टर तुम्हाला 'आमच्याकडे नाही' म्हणाले, त्यामागे हा इतिहास आहे.

तुमच्या कामाची गोष्ट म्हणजे क्लस्टर. एका पट्ट्याच्या हद्दीपासून 500 मीटरच्या आत त्याच खनिजाचा दुसरा पट्टा असेल तर क्षेत्रफळाची बेरीज करायची. सप्टेंबर 2013 नंतरच्या पट्ट्यांना हे लागू आहे. तुमची बेरीज 13.85 हेक्टर. मग परिणाम अहवालही आला आणि जनसुनावणीही आली. तेव्हा 'सुनावणी लागत नाही' हे एकेका अर्जाकडे बघून खरं आहे. तिन्ही शेजारी ठेवून बघायला त्या टेबलावरच्या माणसाला कुणी सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा. गाव नकाशा घ्या, तिन्ही गट रंगवा, सातबारा जोडा, अर्जांचे क्रमांक लिहा, खाली बेरीज. एक पान. भावना नको, पहिल्या पानावर तरी नको.

सुनावणी झालीच तर: नोटीस किमान 30 दिवस आधी, एका मोठ्या राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात. अध्यक्ष कलेक्टर किंवा त्यांचा प्रतिनिधी, अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्याच्या खालचा नाही. चित्रीकरण होतं. गणसंख्येची अट नाही, चार माणसं आली तरी सुनावणी झाली, म्हणून बहिष्कार घालू नका. बहिष्कार घातलेल्या गावची इतिवृत्तं फार सुटसुटीत होतात. आणि अध्यक्ष तिथे न्यायाधीश नसतात, हे डोक्यात ठेवा. ते काही मंजूर-नामंजूर करत नाहीत. ऐकतात, लिहून घेतात, सही करतात.

साळगावकर नसलेल्यांना: नियमगिरी ही वनमंजुरी होती, वनहक्क कायद्याच्या जोरावर. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाने ग्रामसभांना विचारा म्हटलं आणि 2014 च्या जानेवारीत केंद्राने नकार दिला. पेसाच्या (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांचा कायदा) अनुसूचित क्षेत्रातही गौण खनिजाला ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस आधी लागते. धागाकर्त्यांचा भाग दोन्हींत बसत नाही. ठराव घ्या, जरूर घ्या, पण तो जोडपत्र म्हणून. तेवढ्याने प्राधिकरण बांधलं जात नाही. तसाच पंचायतीचा ना हरकत दाखलाही त्यांना बांधत नाही, हे विसरू नका. ह्या दाखल्याची दहशत उगाच आहे.

पेडण्याचो

गोव्यातून. मोपा विमानतळाचं उदाहरण इथे यायलाच हवं, आमच्या घरापासून लांब नाही.

विमानतळाला 2015 च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीहून मंजुरी मिळाली. हरित न्यायाधिकरणाने ती टिकवली. 29 मार्च 2019 ला सुप्रीम कोर्टाने स्थगित केली. कारण काय? अर्जात आजूबाजूच्या जंगलांची आणि संवेदनशील भागांची माहिती नीट दिली नव्हती, आणि तज्ज्ञ समितीने का शिफारस केली याची कारणं धड लिहिली नव्हती. म्हणजे काका म्हणतात तेच, उलट्या बाजूने: 'हो'लाही कारण लागतं.

पण पुढचंही सांगतो. समितीने परत बघितलं, अटी वाढवल्या, जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली, डिसेंबर 2022 मध्ये उद्‌घाटन. आता माझी पुतणी तिथूनच दुबईला जाते आणि मी सोडायला जातो. कोर्टात जिंकणं आणि डोंगर राहणं यात फरक आहे.

वरचीवाडी

सगळ्यांचे आभार. काका, साहेब म्हणू का काका?

रंगवलेला नकाशा केला. गट नंबर बघताना आणखी एक सापडलं: चौथा पट्टा, दुसऱ्या नावावर, 300 मीटरवर, 2019 चा. मृण्मयीताई, झाडांची यादी बघितली. त्यात घाटावरचा अंजन आहे, आणि 'विस्तीर्ण ज्वारीची शेतं' आहेत. बाबा हसत बसले दहा मिनिटं.

एक शंका. समजा हे सगळं करूनही मंजुरी मिळाली तर?

माजी_अव्वल_कारकून

अव्वल कारकुनाला कुणी साहेब म्हणत नाही, काकाच बरं.

चौथा पट्टाही नकाशात घ्या. मात्र ज्याला 15 जानेवारी 2016 आधीच मंजुरी होती किंवा जो तीन वर्षं बंद आहे तो बेरजेत धरत नाहीत. 2019 चा आहे म्हणता, तर चालू आहे का ते तलाठ्याकडे विचारा.

मंजुरी मिळाली तर अपील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, आपल्याला पुण्याचं खंडपीठ. मुदत 30 दिवस, सबळ कारण दिलं तर आणखी 60. 90 च्या पुढे एक दिवसही नाही, तिथे गयावया चालत नाही. नुकसानभरपाई मागत नसाल तर शुल्क 1,000 रुपये. मंजुरीची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी लागते आणि प्रत पंचायतीला येते, जी पंचायतीने 30 दिवस फलकावर लावायची असते. तुमच्या पंचायतीचा फलक कसा आहे ते तुम्हाला ठाऊक, म्हणून दर सोमवारी पोर्टल बघत जा. दिवस मोजायला सुरुवात कळवल्यापासून होते, तुम्हाला सवड मिळाल्यापासून नाही.

वरचीवाडी

आज सकाळी सहाला झऱ्यावर गेलो. चुलतभाऊ मोबाइल घेऊन, मी कळशी घेऊन. तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश फोटोवर येतील असं अॅप घेतलं. तीनदा भरली: 41 सेकंद, 43 सेकंद, 41 सेकंद. एप्रिलची 19 तारीख. मेमध्ये परत मोजणार. अर्ज मराठीत लिहिलाय, आकड्यांचा तक्ता इंग्रजीतही केलाय. सोमवारी स्पीड पोस्टने समितीच्या सचिवांना, प्रत प्राधिकरण, कलेक्टर आणि प्रदूषण मंडळाला. ईमेल वेगळा. अजून काही राहिलं का?

मृण्मयी_भूशास्त्र

कळशी किती लिटरची?

वरचीवाडी

आईला विचारलं. म्हणाली, कळशीएवढी. उद्या दुधाचं माप घेऊन जातो.